वेगळा टॉवेल

४ मार्च

आहेत. काल वाटलं होतं, उजेडाचा दोष असेल. आज आंघोळीच्या वेळी खिडकीजवळ उभं राहून नीट पाहिलं — शिश्नाच्या टोकाच्या कडेने बारीक बारीक दाणे. कातडीच्याच रंगाचे, जरा पांढुरके. दुखत नाहीत, खाजत नाहीत. कधीपासून आहेत कोण जाणे. सत्तावीस वर्षांत स्वतःकडे असं निरखून कधी पाहिलंच नव्हतं!

आणि पाहिलं तेही कशातून? दुकानातलं डोळ्याला लावायचं भिंग खिशात राहिलं होतं, त्यातून. घड्याळाच्या चाकाचा तुटका दात शोधायचं भिंग! दहा पट मोठं दिसतं. बादली भरून वाहायला लागली तरी मी तसाच उभा.

५ मार्च

कारण मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी सुटे भाग आणायला परगावी गेलो होतो, तेव्हा लॉजवर ती बाई भेटली. नाव विचारलं नाही. परत आल्यावर आठवणही काढली नाही. आणि वाचनालयातल्या हिला मात्र छातीठोक सांगितलं, तुझ्याआधी कुणी नव्हतं म्हणून. उन्हाळ्यात लग्न करायचं ठरतंय. हिला काय देणार आहे मी? हे?

७ मार्च

आई आणि मी एकच टॉवेल वापरतो. किती दिवस तिने त्याला तोंड पुसलं असेल! आज तो गरम पाण्यात उकळला आणि स्वतःसाठी वेगळा काढला. आईने लगेच हेरलं. "तूही राजेसाहेब झालास का?"

राजेसाहेब म्हणजे दादा. त्याचा टॉवेल कायम दाराआडच्या खिळ्याला, कपडेही तो स्वतःचे स्वतः धुतो. मी लहानपणापासून त्याला त्यावरून चिडवत आलोय. आज तो हसला नाही. माझ्या टॉवेलकडे बघत राहिला आणि चहा न घेताच दुकानात गेला.

१० मार्च

दादाने बाबांच्या माघारी दुकान सांभाळलं, मला काम शिकवलं. त्याचा एकच नियम. घड्याळात काही वेगळं दिसलं की लगेच चिमटा घालायचा नाही. त्याच बनावटीचं चालू घड्याळ उघडायचं, शेजारी ठेवायचं, ताडून पाहायचं. "वेगळं दिसलं म्हणजे बिघडलं असं नव्हे," म्हणतो.

पण हे कुणाशी ताडून पाहू? कुणाला म्हणू, जरा दाखव?

११ मार्च

चामखिळीचं औषध आणलं. टाचेला आहे म्हणालो. औषधवाला म्हणाला, नाजूक जागी लावू नका, जळेल. मी मान डोलावली.

१२ मार्च

लावलं. मेलो!

१३ मार्च

चालता येईना. दादाने विचारलं, काय रे, मूळव्याध? हो म्हणालो. त्याने आपली गादीची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः दिवसभर स्टुलावर बसला. मला लाज वाटली. बरंच झालं, भोगायलाच हवं होतं, असंही वाटलं.

१५ मार्च

वाचनालयात गेलो. तारीख कधीची धरायची, हिचे वडील विचारतायत. मी म्हणालो, आत्ता नको. ती पुस्तकांवर शिक्के मारत होती, एकाच पानावर दोनदा मारला.

"माझं काही चुकलं का?"

तिचं! नाही म्हणालो आणि पळ काढला. हरामखोर आहे मी.

घरी आईने डोक्याला हात लावला. एक तसाच राहिला, आता हाही. दादा समोरच जेवत होता. एकेचाळीसचा झाला तो. मी आठवीत असताना एक शिवणाच्या क्लासवाली चालू घड्याळ दुरुस्तीला म्हणून तीनदा घेऊन आली होती. दादा प्रत्येक वेळी ते उघडायचा, पुसायचा, पैसे घ्यायचा नाही. सगळं जमल्यातच जमा होतं. मग एकाएकी नाही म्हणाला. का, ते कुणालाच कळलं नाही. आम्ही त्याला तिरसट ठरवून मोकळे झालो.

१८ मार्च

जखम चिघळली तेव्हा डॉक्टरकडे जावंच लागलं. कातडीची डॉक्टर, आणि नेमकी बाई! मी जमिनीकडे बघत लॉजपासून सगळं ओकून टाकलं. तिने तपासलं, जेमतेम अर्धा मिनिट.

"हा आजारच नाही. पुष्कळ पुरुषांना असतात असे दाणे, वयात आल्यावर येतात. कुणाकडून लागत नाहीत, कुणाला लागणार नाहीत. जखम मात्र तुम्ही स्वतः केलीत."

मी विचारलं, मग यावर औषध काय? म्हणाली, काही नाही, फक्त भिंग खिशात ठेवू नका. मनाची खात्री म्हणून रक्त तपासायला दिलं.

बाहेर पायरीवर बसून रडलो.

२१ मार्च

रक्तात काही नाही. हिला सगळं सांगितलं, लॉजचंही. दाण्यांबद्दल ती काही बोलली नाही. खोटं का बोललास, एवढंच विचारलं. आठवडाभर येऊ नकोस म्हणाली. त्यानंतर ये, असंही म्हणाली.

२२ मार्च

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. दादाला खरं सांगून टाकलं — मूळव्याध नव्हती, असं असं होतं, डॉक्टर हसली मला. वाटलं, तोही हसेल.

त्याने डोळ्याचं भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"कडेने असतात? एका ओळीत?"

हो म्हणालो. मग लक्षात आलं, ओळीचं मी बोललोच नव्हतो.

"डॉक्टर नक्की म्हणाली, कुणाला लागत नाहीत?"

नक्की, म्हणालो. त्याने परत विचारलं. मी परत सांगितलं. मग तो बराच वेळ समोरचं घड्याळ पुसत राहिला. चौदा वर्षं, म्हणाला. त्या टॉवेलवरून मी त्याला किती हसलोय!

२३ मार्च

सकाळी खिळा रिकामा. दादाचा टॉवेल दोरीवर, आमच्या टॉवेलांशेजारी. आईने त्यालाच हात पुसले. तो दारात उभा राहून बघत होता.