सिंधूची हजेरी

११ मार्च २००३, मंगळवार
आज सिंधूचा तेरावा. बचत गटाची बैठक तिच्याच ओट्यावर व्हायची, आज देवळात घेतली. मिरची कांडपाच्या मशीनसाठी बँकेचा अर्ज तयार. दहा बायका, दहा सह्या-अंगठे. नऊ झाले. सिंधूचाच राहिला. मशीनचा हट्ट मूळ तिचा, मुसळ मारून मारून खांदे गेले होते बाईचे. नाव काढलं तर अर्ज पहिल्यापासून, म्हणजे हंगाम गेला. शांता म्हणाली, "मंदे, अंगठाच तर हाय. तिचीच इच्छा पुरी व्हतीय."
सचिव मी. अंगठा मीच उठवला. माझा डावा.

२५ मार्च
सवयीने हजेरीत तिचंही नाव घेतलं. 'हजर' कधी म्हणायची नाही, "आले गं बाई" म्हणायची. सगळ्या सतरंजीवर तिची जागा मोकळी ठेवूनच बसतात. कोणी कोणाला सांगितलेलं नाही.

६ मे
मशीन आलं. नारळ फोडला. देवळाली कॅम्पातून मसाल्याची पहिली ऑर्डर. शांता नाचायचीच बाकी. माझा डावा अंगठा चुरचुरतो. मिरची दोन्ही हातांना लागते, मग उजवा का नाही? भीती वाटते. घरात कोणाला सांगणार...

१० फेब्रु. २००४
बँकेचे साहेब न कळवता आले. मशीन बघितलं, मग म्हणाले, "हजेरी घ्या. चेहरे बघू द्या." शांता मागच्या दाराने सटकली, लगेच परत आली. मी सात नावं वाचली. आठवं सिंधूचं. वाचलं.
"आले गं बाई."
सिंधूची सासू. अंगावर सुनेचं हिरवं पातळ. येऊन मोकळ्या जागेवर बसली. साहेबांनी कागदावर नावापुढे खूण केली, "यापुढे मोठं कर्ज मिळेल तुम्हाला," म्हणाले, चहा घेऊन गेले. बायका हसायला लागल्या. मी म्हातारीच्या पाया पडायला वाकले, तिने पाय मागे घेतले. रागाने नाही.
"मंदा, सिंधूचं वर्षश्राद्ध आलंय. घालू का नको? तेवढं सांग."
"सांगते," म्हणाले. काय सांगू?

१७ फेब्रु.
बैठकीला पोचले तर म्हातारी आधीच येऊन बसलेली. सिंधूच्या जागेवर. हजेरीची वही मी अजून उघडली नाही. सगळ्या थांबल्यात.