वरच्या पट्ट्या

प्रिय ताई,

तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे आणि माझंही दुकानातलं काम चालू आहे. आपल्या धाकट्या टिल्लीच्या कानांबद्दल तुला आईने फोनवर थोडंफार सांगितलंच आहे. पण आई सांगते तेव्हा निम्मं रडण्यात जातं, म्हणून मी नीट लिहितो.

तुला आठवत असेल, तू पियानोच्या धड्याला बसायचीस तेव्हा मी शेजारी बसून तुझ्या पाठीवर बोटाने ताल धरायचो. आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी तसंच शिकवायचे. तोंडाने फार बोलायचं नाही, आपण एकदा वाजवून दाखवायचं, मग मुलाने वाजवायचं. टिल्लीलाही मी तसंच शिकवलं. ती तुझ्यापेक्षा लवकर शिकत होती, हे आता सांगायला हरकत नाही. माझी बोटं कुठे पडतात हे ती डोळे फाडून बघायची आणि हुबेहूब उतरवायची. मी आईला म्हणायचो, बघ, पोरीचं लक्ष कसं आहे! आई म्हणायची, दृष्ट लावाल, पुरे करा कौतुक.

गेल्या महिन्यात आपल्या पियानोच्या वरच्या सुरांचा आवाज फार कडक येऊ लागला होता. तारांवर आपटणाऱ्या त्या छोट्या हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा झिजला होता. लोकांचे पियानो दुरुस्त करता करता घरचा तसाच राहतो. मी वरच्या सुरांच्या, म्हणजे उजवीकडच्या, सगळ्या हातोड्या काढून दुकानात नेल्या. टिल्ली तेव्हा शाळेत होती. तिला सांगायचं राहून गेलं. संध्याकाळी मी हात धूत होतो आणि ती आपली आपण वाजवायला बसली. डावा हात नीट ऐकू येत होता. उजव्या हाताखाली नुसती लाकडाची टकटक. मला वाटलं, आता थांबेल, ओरडेल, बाबा, हे काय करून ठेवलंत म्हणून. ती थांबली नाही. शेवटपर्यंत वाजवलं, मान डोलावत, आणि वळून मला विचारलं, कसं झालं? आई स्वयंपाकघरातून हसली, काय नाटकी आहे कार्टी! मीही हसलो. मग टिल्लीचा चेहरा बघितला. ती नाटक करत नव्हती. आम्ही का हसतोय हेच तिला कळत नव्हतं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बोट वर कर, म्हणाल्या. तिने प्रत्येक वेळी बरोबर बोट वर केलं. माझा जीव भांड्यात पडला. मग बाईंनी तिची खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्यानंतर बराच वेळ तिचं बोट मांडीवरच राहिलं. आधी ती बाईंचा हात बटणावर पडताना बघत होती, ताई. माझ्याकडे तिने तेवढंच शिकून घेतलं होतं.

वरचे आवाज गेलेत, खालचेही हळूहळू जातील, असं बाई म्हणाल्या. यंत्र लावलं की बोलणं कळेल, पण गेलेलं परत येणार नाही. हातोड्या मी पुन्हा बसवल्या आहेत. टिल्ली रोज धड्याला बसायचा हट्ट करते, आणि मी तिला डाव्या बाजूचंच शिकवतो. परवा तिने विचारलं, वरचं कधी शिकवणार? मी म्हटलं, आधी हे पक्कं होऊ दे.

प्रार्थना मी चुकवत नाही. पण माझा आवाज आपोआप चढतो, तिला ऐकू जावं म्हणून असेल. काल आई म्हणून गेली, अहो हळू, देव काही बहिरा नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. हे रक्तातून येतं, असं बाई म्हणाल्या. कुणाला लवकर, कुणाला मोठेपणी. घरात आणखी मूल आहे का, विचारलं. मी म्हटलं, आहे, मोठी आहे, तिला काही नाही. पण रविवारी फोनवर तू मला एकेक वाक्य पुन्हा म्हणायला लावलंस आणि वर हसलीस, बाबा, तुमचा फोन आता भंगारात टाका. सोमवारी मी तो दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने स्वतः दोन-तीन जणांशी बोलून बघितलं आणि म्हणाला, काका, याला काही झालेलं नाही. म्हणून फोन न करता लिहितोय. आईला यातलं काही बोललेलो नाही. तिथल्या एखाद्या चांगल्या कानाच्या डॉक्टरची वेळ घे, पण एकटी जाऊ नकोस. दिवस कळव, मी येतो. खुर्ची भिंतीकडे फिरवतील तेव्हा मी त्या खोलीत असेन.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा, तुझा,
बाबा