त्या गोळ्यांची नावं

प्रिय शहाणे,

फोन तू उचलत नाहीस, तुझ्या औषधांच्या दुकानाचं शटर खाली आहे, आणि आज घरी आले तर भरदुपारी तू डोकं दुखतंय म्हणून झोपलेली. म्हणून हे पत्र मावशींच्या हातात देतेय. त्यांना मी काही सांगितलेलं नाही, तेव्हा घाबरून फाडू नकोस. तुमचं दोघींचं काही बिनसलंय का गं, असं त्यांनी विचारलं, तर मी हसून वेळ मारून नेली. तुझी अब्रू झाकायची सवय अजून गेलेली नाही माझी.

तू नव्हतीस म्हणून गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदाच सरळ इस्पितळात गेले. ओटीपोटात कळा, अंगात ताप, त्यात तिसरा महिना. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, नमुना घेतला आणि दोन दिवसांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं की हा परमा आहे, गनोरिया, संबंधांतून लागणारा. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी रिपोर्ट माझ्या हातात पडलाय. मग मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरचं घड्याळ बघत होता.

बाहेर बाकावर बसून त्याने सगळं ओकलं. लिफ्ट बसवायला परगावी जायचा तेव्हा तिथे कुणीतरी होती. त्याचं जे व्हायचं ते होईल, त्याच्याशी मी माझ्या पद्धतीने भांडतेय. पण पुढे तो म्हणाला, तिला सगळं माहीत आहे, औषध तीच देते, तीच म्हणाली की बायकोला सांगू नका, घर मोडेल. ही ‘ती’ म्हणजे तू! माझ्या शिलाईच्या दुकानातून तुझा काउंटर समोर दिसतो. तुम्ही दोघं मान खाली घालून कुजबुजायचात, आणि मी बावळट, गिऱ्हाइकांच्या पँट आखूड करता करता खूश व्हायचे की माझ्या वाढदिवसाचं काहीतरी शिजतंय.

त्याला तू गोळ्या दिल्यास, बरं वाटल्यावर त्याने सोडल्या. पुन्हा त्रास झाला, तू दुसऱ्या दिल्यास. मग आणखी भारी. तपासणी कर म्हणून एकदाही सांगितलं नाहीस, कारण भावजींना लाज वाटत होती. तेही एक वेळ गिळलं असतं मी. पण मला जळजळ व्हायला लागली तेव्हा चहाचा कप माझ्यापुढे सरकवून तू काय म्हणालीस? पाणी कमी पितेस, दिवसभर मशीनवर बसतेस, साधं युरिन इन्फेक्शन आहे. आणि पट्टीतून कापलेल्या गोळ्या कागदाच्या पुडीत घालून दिल्यास, वर बजावलंस की थांबलं की बंद कर, उष्ण पडतात. तुला ठाऊक होतं मला काय झालंय. माझ्याच शरीरात काय चाललंय ते माझा नवरा आणि माझी मैत्रीण जाणून होते, आणि मी तुला आशीर्वाद देत पाणी पीत होते गं!

दिवस गेल्याचं मी आईच्याही आधी तुला सांगितलं. तू मिठी मारलीस आणि एकदम गप्प झालीस. मला वाटलं, तुला भरून आलं. तेव्हा दुसरी पुडी माझ्या पर्समध्ये होती आणि मी ती घेत होते. ती परत मागायची, एवढंही तुझ्याने झालं नाही. मला इतका राग आलाय की पेन कागदातून आरपार जातंय.

आता नीट वाच. इस्पितळात ते जंतू वाढवून त्यांच्यावर एकेक औषध लावून पाहिलं. नेहमीची त्यांना काहीच करत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धवट औषधं खाऊन खाऊन उरलेले जंतू पक्के झालेत. एक इंजेक्शन बाकी आहे, त्यासाठी उद्या सकाळी मी दाखल होतेय, आणि ते लागू पडेलच असं त्या म्हणत नाहीत. नाही लागू पडलं, तर पुढचं काय द्यायचं आणि बाळाला काय सोसेल, हे ठरवण्याआधी त्यांना कळायला हवंय की आम्ही दोघांनी आजवर काय खाल्लं. त्यातलं पोटात बाळ असताना मी काय खाल्लं, हे सगळ्यात आधी. नवऱ्याला फक्त रंग आठवतात. पुड्यांवर तू काही लिहिलं नव्हतंस. हे जगात एकट्या तुला माहीत आहे, म्हणून तुला लिहितेय, नाहीतर तुझं तोंडही पाहिलं नसतं. तुझं लायसन्स जाईल की राहील, मला पर्वा नाही. उद्या सकाळी इस्पितळात ये आणि डॉक्टरांसमोर उभी राहून नावं सांग. माफी मागत बसू नकोस. नुसती नावं सांग.

तुझीच म्हणावं असं आज वाटत नाही,
समोरच्या दुकानातली