चिऊसाठी लावलेला कौल

धार, ता. ६ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. श्रियास जमुनाआजीचे आशीर्वाद, वि. वि.

फोनवर मला तुझं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं घालते, म्हणून कागद. अक्षर वाकडं आहे, चौथीनंतर मला शाळेत कोणी पाठवलं नाही. हळू वाच, तुझं मराठीही तेवढंच आहे.

तुझ्या लेकीच्या, चिऊच्या हृदयाचं छिद्र बुजवायला बावीस तारखेला इंदूरला नेताय, हे तुझ्या बापाकडून कळलं. मला विचारायची गरज कोणाला वाटली नाही. तरी मी विचारलं, देवीला. आपल्या घरात मोठं काम कौल लावल्याशिवाय होत नाही. आज मंगळवार. देवीच्या टाकावर दोन ओली फुलं चिकटवली, उजवं होकाराचं, डावं नकाराचं. पाच मिनिटं झाली नसतील, डावं पडलं. तेव्हा ऑपरेशन नको. निदान आत्ता नको.

तुझे मननराव हसतील. दिवाळीत माझ्याच चकल्या खात ते म्हणाले की देव नाहीच. त्यांचं मला बरं वाटलं, भांडता तरी आलं. तू म्हणालीस की आहे की नाही हे तुला माहीत नाही आणि कळायची सोयही नाही. हे कसलं बोलणं? दारातल्या पाहुण्याला ना ये म्हणायचं, ना जा.

चिऊला पळू देऊ नकोस. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नकोस, पण उत्तर धाड.

जमुनाबाई

देवास, ता. १३ फेब्रुवारी २०२४

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मनन हसला नाही, आजी, चिडला. म्हणाला की ओलं फूल सुकलं आणि वजनानं पडलं, बस, इतकीच बात आहे. त्यानं फॉर्मवर सही केली आणि मोकळा झाला. दवाखान्यात आईबाप दोघांची सही मागतात. माझी बाकी आहे. चार दिवस फॉर्म फ्रिजवर पडलाय.

तुला वाटतं माहीत नाही म्हणणं म्हणजे अर्धं मननसारखं. नाही गं. त्याच्या मते तिथे कोणीच नाही, म्हणजे नकार देणारंही कोणी नाही. तो सुटला. मी तसं कसं म्हणू? माझ्याकडे आहे याचा पुरावा नाही, तसा नाही याचाही नाही. दिवाळीत हे बोलायला सोपं होतं. आता पेन उचललं की सच में ते डावं फूल दिसतं आणि मी पेन परत ठेवते.

डॉक्टर म्हणतात की उशीर केला तर तिचे फेफडे खराब होतील आणि मग ऑपरेशनही करता येणार नाही. चिऊ एक जिना चढली की पायरीवर बसते आणि मलाच दमलीस का विचारते.

खरं सांग आजी. ते फूल देवीनंच पाडलं, हे तुला पक्कं माहीत आहे का?

मराठीच्या चुकांवर रागव, पण माझ्यावर नको. तुझी घाबरलेली,

श्रिया

धार, ता. १६ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. श्रियास आशीर्वाद, वि. वि.

टपालाचा भरवसा नाही म्हणून हे पत्र तुझ्या बापाच्या हाती देते आहे. त्यानं वाटेत फोडलं तर मला सांग.

तुझे आजोबा उदाजीराव खातेगांवला जमीन पाहायला निघाले, तेव्हाही मी कौल लावला होता. उजवं पडलं, झटकन. बागलीच्या पुढे त्यांची जीप उलटली आणि ते गेले. मी सगळ्यांना सांगितलं की मीच होकार-नकाराची अदलाबदल केली. केली नव्हती. देवीला खोटं पाडायची छाती नव्हती, म्हणून मी वेंधळी झाले. चाळीस वर्षं सगळे मला त्यावरून वेंधळी म्हणतात आणि मी म्हणू देते.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, मला माहीत नाही. मननरावांसारखं नाहीच म्हणणं मला जमायचं नाही. आजही दिवा लावला, उद्याही लावीन. कोणी असलंच तर त्याला अंधारात का ठेवू? पण जे मला ठाऊक नाही, त्याच्यापायी पोरीचा श्वास जाऊ देणार नाही. सही कर. तुझा बाप समोर बसलेला असतानाच कर. काही वावगं झालं तर लोकांना सांग, म्हातारीनं करायला लावलं.

उगीच धीर देत नाही. मलाही भीती वाटते आहे. पुन्हा कौल लावावा म्हणून आज शेवंती खुडली. फुलं ओली केली आणि लावली नाहीत. डावं पडलं असतं तर तुला कळवलं नसतं, आणि उजवं पडलं असतं तर मला खरं वाटलं नसतं.

एकवीस तारखेच्या बसनं इंदूरला येते. मननरावांना सांग, त्या दिवशी मला चिडवायचं नाही. चिऊला आत नेलं की मी बाहेर हात जोडून बसेन. समोर कोण आहे ते विचारू नका.

जमुनाबाई