जवळचं, लांबचं आणि फाट्यावरचा फ्लेक्स

१४ जुलै, सोमवार

लागलं! दोन्हीकडं लागलं. सकाळी पुण्याची यादी उघडली, नाव. दुपारी दुसरी उघडली, तिथंपण नाव. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र. दोन महिने देवाला म्हणत होते, एक तरी पदरात टाक. आता त्यानं एकदम दोन टाकली, बस निस्तरत.

आई म्हणाली, "साखर आण गं," आणि स्वतःच डब्याकडं पळाली. आण्णा गोठ्यात. सांगितलं तर म्हणाले, "झ्याक." मग जर्शीला म्हणाले, "सरक." संपलं भाषण. आमच्या वडिलांचं रोजचं बोलणं मोजलं तर निम्मं गायींशी निघेल.

फी भरायची शेवटची तारीख दोन्हीकडं २५, संध्याकाळी पाच.

वहीत विद्यापीठांची नावं लिहायची नाहीत. नाव लिहिलं की ठरल्यासारखं वाटतं. पुण्याचं ते जवळचं, म्हणजे ज. हिमालयाच्या पायथ्याचं ते लांबचं, म्हणजे लां.

१५ जुलै, मंगळवार

दौंडला पल्लवीकडं. बी.एस्सी.ची तीन वर्षं एका बाकावर काढली आम्ही. तिचे पप्पा रेल्वेत, घर रेल्वे कॉलनीत. ती आता रोज डेमू लोकलनं पुण्याला नोकरीला जाते, आज सुट्टी होती. तिचं मत पक्कं. ज.! "सकाळची डेमू, संध्याकाळची डेमू, घरचा डबा. तुझी जागा मी धरत जाईन. तिकडं डोंगरात कोण जागा धरणार तुझी? आणि तू तर दिवाळीतच दोन गोधड्या घेतीस."

मुद्दा बरोबर आहे. थंडी मला सोसत नाही.

येताना कॉलेजच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, ज.ची लॅब चांगली, शिकवणारे चांगले. लां.मध्ये नद्यांचा वेगळा विभाग, पहिल्याच सत्रापासून पोरं नदीकाठानं हिंडतात. "तुला काय शिकायचंय ते बघ."

तेच तर कळत नाही ना, मॅडम! खरं सांगायचं तर पर्यावरण घेतलं कारण केमिस्ट्रीनं रडवलं. नंतर गोडी लागली. आमची भीमा उसाच्या बांधाखालीच. उन्हाळा आला की जलपर्णी वरून उतरते, अख्खी नदी हिरवी सतरंजी. लहानपणी मला ते छान वाटायचं. आता नाव, जात, कूळ सगळं सांगता येतं, पण काढायची कशी ते

(आईनं हाक मारली. राहिलं.)

१७ जुलै, गुरुवार

बापूंना मी आज सोडणार नव्हते. आण्णांचे धाकटे भाऊ. त्यांना दोन गोष्टी उत्तम येतात, बोलणं आणि फ्लेक्स. यंदा गावच्या विकास सोसायटीच्या इलेक्शनला उभं राहायचंय.

सकाळी दुधाच्या डेअरीत कुणीतरी म्हणालं, "पुतणी लई मोठी झाली की." पळत फाट्यावर गेले. दहा फुटी फ्लेक्स. चुलतबहिणीच्या लग्नातला माझा नथीतला फोटो, काकूंचा अर्धा खांदा तसाच. वर लिहिलंय: "वडगावची सुकन्या कु. ऋतुजा हिची पुणे येथे पर्यावरण अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुक म्हणून बापू हात जोडून. माझ्यापेक्षा मोठे.

म्हणलं, "बापू, अधिकारी कुठनं आलं?"

"अगं, शिकून काय व्हणार? अधिकारीच ना? मग आज काय आन् दोन वर्सानी काय."

"आणि पुणे? मी कुठं ठरवलंय अजून?"

"त्या लांबच्याचं नाव छापनाऱ्याला लिहिता येईना. म्हनला, काना मात्रा चुकला तर तुमचीच इज्जत जाईल. मग म्हनलं, टाक पुनं."

धन्य! माझ्या आयुष्याचा निर्णय छापणाऱ्याच्या शुद्धलेखनावर. चिडचिड झाली, पण घरी येऊन आईला सांगताना इतकं हसायला आलं की दोघी चुलीपुढं बसूनच राहिलो.

१८ जुलै, शुक्रवार

लोक यायला लागले.

पहिल्या सुमनकाकू, पलीकडच्या रानातल्या. तांब्या घेऊन. "बाई, आमच्या बोरचं पानी बघ. भात पिवळा व्हतोय." मी सांगितलं, काकू, मी अधिकारी नाही, विद्यार्थिनी आहे, तेपण अजून व्हायचीय. तर म्हणतात कशा, "व्हय, व्हय. हजर व्हायच्या आधी असंच म्हनायचं असतंय." तांब्या ठेवून गेल्या. माझ्याकडं कॉलेजातल्या पीएचच्या पट्ट्या उरल्यात, एक बुडवून बघितली. त्यातून काय कळणार? लोह असेल. असेल! अधिकारी बाईंचं निदान.

दुपारी गणपतमामा. नदीत मासे धरतात, लहानपणापासून बघतेय त्यांना. म्हणाले, "पोरी, सकाळच्याला मासं वर येऊन तोंड उघडत्यात. कशानं?"

हे मला येत होतं! पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, घाण जास्त झाली की, असं सगळं धडाधड सांगितलं. मामांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. मग करायचं काय?"

 तीन वर्षांत हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नव्हता.

१९ जुलै, शनिवार

मामांबरोबर नदीत गेले. त्यांची काहील म्हणजे गुऱ्हाळातली जुनी कढई, तीच होडी. आई काठावरून ओरडत होती, "मधी नगा जाऊ!" पाणी अजून चढलेलं नाही.

डोहापाशी मामांनी ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं. "ह्यो वरच्या शहराचा वास. आन् हितं बघ, ओढ्याचं मिसाळलं, हितं मासा टिकतोय." मी दोन्हीकडं पट्टी बुडवली. पट्टी म्हणाली, दोन्ही सारखंच. मामांच्या नाकाला जे कळलं ते माझ्या पट्टीला नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या कालिजात वासाचं शिकवत्यात का?" म्हणलं, नाही. "मग काय शिकवत्यात?"

लई भारी गेला दिवस. उन्हानं नाक सोललं. दोन्ही जागची एकेक बाटली भरून आणली, चिठ्ठ्या लावून फ्रिजमध्ये. आईनं फ्रिजच्या दारावर तिची चिठ्ठी लावली: पिऊ नये.

आज वाटतंय ज. घ्यावं. हे सगळं सोडून कुठं जायचं?

२० जुलै, रविवार

आखाड. आईनं गुळाच्या कापण्या तळल्या, गरम गरम दहाबारा तरी मी उभ्यानंच खाल्ल्या. फोनवर लां.चा अभ्यासक्रम उघडला आणि बसले वाचत. तिसऱ्या सत्रात अख्खा विषय आहे, मेलेली नदी परत कशी आणायची. परत कशी आणायची! मामांचाच प्रश्न की हा. तेलकट बोटांनी तीनदा वाचला.

तर आज वाटतंय लां.

आईचं वेगळंच. सकाळी, "पुन्यातच बरं, आजारी पडली तर तासाभरात जाता येतंय." दुपारी न्हावऱ्याहून स्थळ आलं, फ्लेक्स वाचून. मुलाची आई म्हणे, अधिकारी सून पाहिजे, नोकरी करू देऊ. ती माणसं गेल्याबरोबर आई म्हणाली, "लांबच जा बाई तू. हितं ऱ्हायलीस तर ही माणसं काय शिकू देत न्हाईत."

आण्णांना विचारलं. "दोन्ही चांगलं." आणि वैरण टाकायला गेले.

२२ जुलै, मंगळवार

बापूंच्या मागं लागून लागून शेवटी फ्लेक्स दुरुस्त झाला. उतरवला नाही, इलेक्शन होईपर्यंत उतरणार नाही. "अधिकारी"वर कागद चिकटवून "विद्यार्थिनी" लिहिलंय. आता वाचायचं: पर्यावरण विद्यार्थिनीपदी निवड. पल्लवीला फोटो पाठवला. तिचे नुसते हसणारे चेहरे आले, ओळभर.

तरी लोक येतातच. आज दोघं. मी सगळ्यांचं लिहून घेते, नाव, कुठलं पाणी, कधीपासून. उत्तर येत नाही म्हणून लिहून तरी घ्यायचं. कुणी रागवत नाही. सुमनकाकू तांब्या न्यायला आल्या आणि वांगी देऊन गेल्या. उत्तराविना वांगी घेतली, लाज वाटली. भरीत मात्र फक्कड झालं.

२३ जुलै, बुधवार

आज माझं चुकलं.

कागदाच्या दोन बाजूंना ज. आणि लां. लिहून फायदे-तोटे मांडले. ज.ला घर, डबा, पल्लवी, मामा, ओळखीची माणसं. लां.ला नदीचा विषय, थंडी. एवढंच. तरी पारडं हलेना. ज. घेतलं तर मामांना आयुष्यभर ऑक्सिजनचंच सांगत बसेन की काय. लां. घेतलं तर दोन वर्षांनी मी परत येईन कशावरून? जाणारे सगळे येतो म्हणूनच जातात. हीच खरी भीती आहे. आज पहिल्यांदा लिहिली.

मग आण्णांवर घसरले. म्हणलं, "काहीतरी बोला ना! जा म्हणा, नाहीतर राहा म्हणा."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"गायींचं तेवढं कळतं तुम्हाला!"

म्हणून गेले. आईनं लाटणं थांबवलं. आण्णा विळा घेऊन घासाच्या वाफ्यात गेले. ज्या गायींवर माझं तीन वर्षं शिक्षण झालं त्यांच्यावरनं बोलले मी. जीभ झडत नाही माणसाची.

जेवताना त्यांनी नेहमीसारखी माझ्या ताटात साय वाढली. माफ करा म्हणायचं होतं, जमलं नाही.

२४ जुलै, गुरुवार

बापू सकाळीच आले, चहाआधी बोंब. "तुझ्या बापानं मला कामाला लावलंय! पुढल्या म्हैन्यात चार दिवस दोन्ही टायमाला धारा काढायच्या. आन् तांबडीला मशीन न्हाई लावायचं, हातानंच काढायची. मी इलेक्शनला उभा ऱ्हाऊ का गाईखाली बसू?"

म्हणलं, "आण्णा कुठं निघालेत?"

"तुला सोडायला."

 आण्णा धार सोडून कुठं जात नाहीत. आत्याच्या लग्नाला सकाळची धार काढून गेले आणि संध्याकाळच्या धारेला परत, ही गोष्ट आत्या अजून सांगते. आणि पुण्याला सोडायला चार दिवस कशाला? दुपारच्या एसटीनं माणूस परत येतो.

बापूंनाही ते कळलं होतं. हळूच म्हणाले, "परवा दौंडला गायींची ढेप आनायला गेला व्हता न्हवं? स्टेशनात जाऊन खिडकीवर विचारून आलाय. कागद हाय त्याच्या खिशात."

आईनं मघाशी शर्ट धुवायला काढला तेव्हा कागद दाखवला. ढेपीच्या पावतीच्या मागं, आण्णांचं मोठं मोठं अक्षर. दौंड ते दिल्ली, गाडीची वेळ. खाली: तिथं उतरून दुसरी. त्याखाली: सोबत काय काय, आणि पुढं एकच शब्द, स्वेटर. कोपऱ्यात पुण्याच्या डेमूच्या वेळापण, सकाळची, संध्याकाळची.

आई म्हणाली, "काय बोलू नगंस त्यांना." कागद परत खिशात ठेवला, शर्ट न धुता तसाच खुंटीला.

परवा म्हणजे मंगळवारी. मी गायींचं बोलले त्याच्या आदल्या दिवशी.

२५ जुलै, शुक्रवार

आईनं सांगूनही राहवलं नाही. सकाळी धारेच्या वेळी गोठ्यात गेले. आधी कालपरवाचं म्हणून टाकलं, "आण्णा, चुकलं माझं." ते म्हणाले, "कशाचं?" आणि तांबडीच्या कासेला पाणी मारलं. खरंच विसरले की विसरल्यासारखं केलं, त्यांचं त्यांना माहीत.

मग विचारलं, "बापूंना चार दिवस का सांगितले?"

"एक सांगून चार लागलं तर बापू गाव गोळा करंल. चार सांगून एकात भागलं तर कोन काय म्हनत न्हाई."

"म्हणजे तुमच्या मनात काय आहे?"

धार काढता काढताच बोलले, माझ्याकडं न बघता. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. "जा म्हनलं तर उद्या म्हनशील घालवलं. ऱ्हा म्हनलं तर म्हनशील अडवलं. मी न्हाई बोलायचो. तू सांगशील त्या गाडीत बसायचं, तुझी पेटी मी धरतो."

रडू आलं. लपवलं नाही. आण्णांनी बघितलं नाही असं दाखवलं. तांबडी मात्र मान वळवून बघत होती.

आता साडेअकरा. दोन्हीकडची फी भरायची पानं फोनवर उघडी आहेत. पल्लवीचा मेसेज आलाय, "भरलीस का?" मामा नदीवर. बापू फाट्यावर. कुणीच अडवत नाही, कुणीच ढकलत नाही.

चार दिवस ऐकल्यापासून लां.कडं पाय निघेना झालाय. आणि चार दिवस सांगितलेत तेही लां.साठीच. जिला जाता यावं म्हणून धार सोडायला तयार झाले, तिनं त्यांच्यासाठीच राहायचं, हे त्यांना कसं सांगणार? आण्णांनी अडवलं असतं तर भांडून गेले असते. ते सोपं होतं.

बरं वाटतंय तरी. इतकं डोकं खाऊनही बरं वाटतंय, हे लिहून ठेवते.

आई जेवायला हाक मारतेय. भाकरी गरम आहे तोवर खाऊन घेते. मग बसते आणि भरते. कुठली, ते जेवताना बघू.