रविवारी येण्याआधी

नेर,
पोळ्यानंतरचा गुरुवार

प्रिय अमरदादा,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. फोन हातात असताना पत्र कोण लिहितं, असं आईसुद्धा म्हणाली. पण फोनवर तू एक प्रश्न विचारतोस, माझं उत्तर पुरं व्हायच्या आत दुसरा विचारतोस, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की सांगायचं होतं ते राहूनच गेलं. कागदावर तरी तुला मला मध्येच थांबवता येणार नाही. यातलं बरंचसं तुला माहीत आहे, पण ते तुला पुण्यात बसून तुकड्यातुकड्यांनी कळलं, थोडं माझ्याकडून, थोडं तुझ्या विमलआत्यांकडून, थोडं गल्लीतल्या लोकांकडून. एकदा सगळं सरळ, लागोपाठ सांगू दे.

गेल्या वर्षी मेडिकलच्या नीट परीक्षेचा निकाल लागला तेव्हा मी नागपूरच्या होस्टेलवर होते. दोन वर्षं क्लास, दर आठवड्याला टेस्ट, भिंतीवर सगळ्यांच्या नावांपुढे रँक. बायोलॉजीत मी कायम वर. फिजिक्सचा पेपर समोर आला की मात्र तळहाताला घाम सुटायचा, आणि परीक्षेत तेच झालं. सुटत नव्हते ते प्रश्नही मी अंदाजाने गोल करत गेले, आणि येत होते तिथले मार्क त्या चुकांनी खाल्ले. सरकारी सीट लांबच राहिली. सामान घेऊन नेरला उतरले तेव्हा बाबा स्टँडवर आले होते. माझी जड बॅग त्यांनी घरापर्यंत स्वतःच्या खांद्यावर घेतली. आईचं म्हणणं होतं की बीएस्सीला नाव टाकावं. बाबांना वाटत होतं की अजून मोठ्या क्लासला, लातूरला पाठवावं. मला दोन्ही नको होतं, आणि काय हवंय तेही सांगता येत नव्हतं.

एका संध्याकाळी तुझ्या बापूजींनी मला शेजारच्या ओसरीवरून हाक मारली. शाळेतून रिटायर झाल्यापासून त्यांनी शिकवणी घेतली नव्हती, हे तुला माहीत आहे. त्यांनी मार्क विचारले नाहीत. म्हणाले, "पेपर घेऊन ये. कायले काय लिहिलं ते मले सांग." आणि एकेका चुकलेल्या प्रश्नावर एकच विचारायचे, "हे काहून चुकलं? येत नोतं म्हनून, नीट वाचलं नाही म्हनून, का घाई झाली म्हनून?" अमरदादा, दोन वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही मोजत बसलो तेव्हा कळलं की मला येत नव्हतं असं फार थोडं होतं. बहुतेक सगळं घाईत गेलं होतं. बापूजींनी मला नवीन पुस्तक आणू दिलं नाही, नवीन क्लास लावू दिला नाही. त्याच जुन्या धड्यांवर बसवलं आणि येत नाही तो प्रश्न सोडून द्यायला शिकवलं. मी अंदाजाने उत्तर दिलं की खडू टेबलावर आपटायचे. "माहीत नाही म्हनाले लाज कायची? डॉक्टर झाल्यावर बी असाच अंदाज मारशीन काय?" मी दोनदा रडत घरी गेले. तिसऱ्यांदा रडले नाही.

मग होळीच्या आदल्या आठवड्यातली ती सकाळ. ते फळ्यावर टॉर्कचं गणित सोडवत होते. लिहिता लिहिता अक्षरं खाली घसरत गेली. मला वाटलं, मुद्दाम चूक करून माझी परीक्षा घेताहेत. मग खडू पडला, आणि तो उचलायला त्यांनी डावा हात पुढे केला. त्यांना बल म्हणायचं होतं, तोंडातून आलं दार. पुन्हा दार. ओठाचा एक कोपरा खाली आला होता. विमलआत्या धावत आल्या, शेजारचे आले. कुणी म्हणालं, "ऊन लागलं असन, कांद्याचा रस द्या." कुणी म्हणालं, बीपी वाढलं असेल, पडू द्या संध्याकाळपर्यंत. आत्यांनी पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाला लावला आणि मी तो हातातून काढून घेतला. पाणी श्वासनळीत गेलं असतं. आत्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी त्यांना थप्पड मारली होती. पण हे मी आधी पाहिलं होतं, दादा. माझ्या आजोळी नानांना असंच झालं, सगळे म्हणाले थकले असतील, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. नाना पुन्हा बोललेच नाहीत.

शेजारच्या देवीलालची ओमनी गाडी दारात उभी होती. त्याने आणि मी बापूजींना उचलून मागच्या सीटवर ठेवलं, आत्या त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. यवतमाळच्या रस्त्याला लागल्यावर मी तुला फोन केला. तू म्हणालास, "हलवू नका, मी नागपूरच्या एका डॉक्टर मित्राशी बोलतो, पाच मिनिटं थांबा." मी गाडी थांबवली नाही. देवीलालने आरशातून माझ्याकडे पाहिलं, मी त्याला हाताने पुढे चल म्हटलं. तू त्या क्षणी घाबरला होतास, हे मला तेव्हाही कळत होतं.

दवाखान्यात स्कॅन झाला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, लहान वयाच्या होत्या, पण एकदम शांत. म्हणाल्या, "मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे. वेळेत आला आहात, गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येईल. त्यात रक्तस्रावाचा धोकाही असतो. घरच्यांनी हो म्हणायला हवं, आणि लवकर." मी तुला पुन्हा फोन लावला. तू गाडीत बसला होतास, मागे हॉर्नचे आवाज येत होते. "मी येईपर्यंत काहीही करायचं नाही," एवढंच तू म्हणत राहिलास. तू येईपर्यंत रात्र होणार होती आणि बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. विमलआत्या माझा दंड धरून म्हणाल्या, "पोरी, मले काई समजून नाई राह्यलं. तू सांग. देऊ का नको?" मी त्या बाईंना विचारलं, तुमच्या वडिलांना दिलं असतं का? त्या म्हणाल्या, "दिलं असतं." मी आत्यांना म्हटलं, द्या म्हणा. आत्या द्या म्हणाल्या.

बापूजी वाचले. उजवा हात गेला, बोलणं गेलं. तू पोचलास तेव्हा त्यांनी तुला ओळखलं, पण तोंडातून नुसता आवाज आला, आणि तू बाहेर येऊन व्हरांड्यात सगळ्यांसमोर म्हणालास, "एकदा नापास झालेली पोरगी माझ्या बापाच्या जिवाचा फैसला करते? हिच्या शिकवणीपायी झालं हे सगळं." माझे बाबा तिथे होते. त्यांनी माझा हात धरला आणि मला घरी आणलं. त्याच संध्याकाळी मी तुझ्यासाठी डबा घेऊन परत आले होते, तेव्हा तू बेसिनपाशी नळ मोठा सोडून रडत होतास. मी डबा आत्यांजवळ ठेवून निघून गेले. म्हणून तुझा राग मला कधी परका वाटला नाही. इंजेक्शन दिलं नसतं तर काय झालं असतं, हे मला ठाऊक नाही. त्या डॉक्टरीणबाईही म्हणाल्या की नक्की कुणीच सांगू शकत नाही. मी तुला पटवायला बसलेले नाही.

तू पुण्याला परत जाताना आत्यांना सांगून गेलास की केतकीने घरात पाय ठेवायचा नाही. मी ते पाळलं. भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. फिजिओवाले आले की बापूजी ओरडायचे. ताट आपटल्याचा आवाज यायचा. मी फिजिक्स उघडायचे आणि तळहात पुन्हा ओले व्हायचे. परीक्षा मे महिन्यात, आणि मी जिथून सुरुवात केली होती तिथेच परत आले होते. शेवटी एका दुपारी आत्या आमच्याकडे आल्या आणि उंबऱ्यातच बसून म्हणाल्या, "भाऊ जेवून नाई राह्यले. तू ये. अमरले काय सांगायचं ते मी पाहून घेईन."

मी गेले. त्याबद्दल मला तुझी माफी मागायची नाही. त्यांच्या खाटेशेजारी बसून काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी पेपर काढला आणि मोठ्याने गणित सोडवायला लागले. एका ठिकाणी चिन्ह चुकलं. मला कळलं नव्हतं, पण त्यांचा डावा हात खाटेच्या कडेवर आपटला. मी पुन्हा पाहिलं, चूक सापडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग मी रोज गेले, जेवणाच्या वेळीच. एक गणित, दोन घास. आणि एके दिवशी मी उत्तर सांगितल्यावर ते माझ्याकडे बघून, सगळं तोंड वाकडं करून म्हणाले, "चूक." आजारपणानंतरचा त्यांचा पहिला शब्द. आत्या स्वयंपाकघरातून हातातली चपाती तशीच घेऊन बाहेर आल्या. खरं सांगते, माझं उत्तर बरोबर होतं. मी तसं म्हटल्यावर त्यांनी माझ्या कागदाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हसले. अर्धंच, पण हसले.

परीक्षेच्या हॉलमध्ये पंखा नावाला होता, बाहेर ऊन आग ओकत होतं. फिजिक्स आलं, घाम आला. मी पेन खाली ठेवलं आणि पहिला प्रश्न दोनदा वाचला. येत होता. दुसरा येत नव्हता, तो सोडला. त्या दिवशी मी कितीतरी प्रश्न कोरे ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची भीती वाटली नाही. बाहेर आल्यावर मीच बाबांना म्हटलं, जमलं वाटतं. जूनमध्ये निकाल लागला आणि दुसऱ्या फेरीत गोंदियाच्या सरकारी मेडिकलला नाव लागलं. तुला मेसेज केला होता, तुझा अंगठा आला. बापूजींना मी जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी सवयीने विचारलं, "फिजि... फिजिक्स किती?" मी सांगितलं. ते म्हणाले, "कमी हाय." बाबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

सोमवारी मी गोंदियाला जाते. म्हणून यापुढे जे लिहितेय त्यात माझा काही फायदा नाही, हे लक्षात घे. या वर्षी आमच्या मागच्या गल्लीतल्या खुशीचा नंबर लागला नाही. तिचे वडील कापूस-सोयाबीन करतात, बाहेर क्लासला पाठवायची त्यांची तयारी नव्हती. पोळ्याच्या आधीपासून ती बापूजींकडे येऊन बसते. ती गणित वाचते, ते डाव्या हाताने फळ्यावर वेडीवाकडी आकृती काढतात. एक वाक्य बोलायला त्यांना वेळ लागतो, कधी भलताच शब्द येतो, मग ते चिडतात आणि पुन्हा सुरुवात करतात. ती गप्प बसून वाट बघते. तिच्याशी ते जेवढं बोलतात तेवढं फिजिओवाल्यांशीही बोलत नाहीत. हे तुला कुणी सांगितलं नसेल, कारण तुझा फोन आला की आत्याच घेतात. बापूजी बोलायला जातात, शब्द अडकतो, तू म्हणतोस, "बरं बाबा, आराम करा," आणि तेवढ्यात आत्या फोन ओढून सांगतात की सगळं ठीक आहे.

परवा आत्यांनी त्यांना सांगितलं की तू रविवारी त्यांना न्यायला गाडी घेऊन येतोयस, पुण्यात तुझ्या शेजारच्या इमारतीत चांगला दवाखाना आहे, घर बंद करायचं ठरलं आहे. तू हे प्रेमानेच ठरवलंयस, यात मला शंका नाही. काल सकाळी मी निरोप घ्यायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि एकेक शब्द जुळवत बोलले. "अमरले... सांग. मले नेऊ नको. माह्यं... काम हाय इथं." मी विचारलं, तुम्हीच सांगता का त्याला, फोन लावू? त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तो... थांबत नाई." मग मी विचारलं, लिहू का मी? तर म्हणाले, "लिही." म्हणून हे पत्र; रविवारच्या आत पोचावं म्हणून पानांचे फोटो तुला फोनवरच पाठवतेय. माझ्याकडून तुला काहीच मागायचं नाही, मी फक्त त्यांचं सांगणं पोचवतेय. नेणं योग्य की ठेवणं योग्य, हे मला ठरवता येत नाही, आणि या वेळी कुणी मला विचारलेलंही नाही. पण त्यांना अजून स्वतःचं म्हणणं आहे, दादा, आणि ते त्यांना तोंडाने सांगता येतं. रविवारी आलास की सामान बांधायच्या आधी त्यांच्या खाटेजवळ बस, विचार, आणि उत्तर येईपर्यंत उठू नकोस.

तुझीच धाकटी बहीण समज,
केतकी