माझी सातव्यातली

आई, आज माझ्या दवाखान्यात तुझ्या नावानं भांडण झालं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी उचगावात अजून तुझाच शब्द चालतो. शिरोळहून एक बाई गरोदर लेकीला माहेरी न्यायला आली होती. तिचं स्वतःचं माहेर आपल्याच गल्लीतलं. लेकीला सातवा लागलेला, तिकडं दारात डोहाळजेवणाचा मांडव पडलेला आणि निघण्याआधी एकदा दाखवून घ्यायचं म्हणून इथं गाडी खाली उभी.

पोरीचं पहिलं बाळ सहाव्यातच गेलंय. आता राहून राहून पोट दगडासारखं घट्ट होत होतं. मी आतून सोनोग्राफी केली, तर गर्भाशयाचं तोंड पार आखूड झालेलं. या गोष्टी एकत्र दिसल्या की मी गोड बोलत बसत नाही. म्हटलं, आजपासून इथंच राहायचं, बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं घ्यायची, लवकर झालंच तर काचेची पेटी वरच्या मजल्यावर आहे. शिरोळात काय आहे? तर बाई म्हणते, “सातव्यातलं जगतंय की. आठव्यातलं जगत न्हाय. तुमी सोता सातव्यातल्या न्हवं? तुमची आई समद्यास्नी सांगत हुती.”

सांगायचीसच तू. गल्लीत कुणाला दिवस गेले की मला चुलीपुढं उभी करायचीस. “ही माझी सातव्यातली. कापसात गुंडाळून वाढीवली, बघा आता कशी घोडी झालीया.” माझ्या आधीचा आठव्यातला भाऊ गेला, तो महिना वाईट म्हणून गेला, हेच तू शेवटपर्यंत धरून बसलीस. आई, असं काही नसतं गं. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या कामाचाच असतो. मी जगले ती नशिबानं, आणि नशीब मला कुणाला टोचता येत नाही. मला दाखवून बायकांना धीर देणं आता बंद.

म्हणून मी तिला तोंडावर सांगितलं, “आई खोटं बोलत हुती. मी पुऱ्या दिवसांची हाय.” “व्हय?” एवढंच ती म्हणाली आणि तिनं मांडव उतरवायला शिरोळला फोन लावला. पोरीची ओटी तिनं वॉर्डातच भरली. पोरगी आता डाव्या कुशीवर झोपलीय. बाळ आतच आहे.

उद्या गल्लीभर तू खोटारडी ठरशील. ठर. उद्या कुणी पुन्हा तुझं नाव काढलं, तर पुन्हा हेच सांगेन. हे तुला पोचणार नाही म्हणून एक लिहिते. ती बाई वॉर्डात लेकीकडं गेल्यावर मी माझ्या खोलीचं दार लावून घेतलं आणि तुझ्या आवाजात एकदा म्हणून बघितलं, ही माझी सातव्यातली. बरं वाटलं.